उत्तमची मुंज

उत्तमने पाकिटातला दुसरा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि मला आधी टाके दिसले, मुलगा नंतर. मुंजीतला मुलगा होता, सात-आठ वर्षांचा, तुळतुळीत डोक्यावर जरीची टोपी, अंगात मखमलीचा कोट. कोटाच्या बाह्या मनगटाशी आत दुमडलेल्या होत्या आणि दुमडीवर पांढऱ्या दोऱ्याचे लांबलांब, वेडेवाकडे टाके होते. मी जन्मभर शाळेत शिवण शिकवली. वाईट टाका मला रस्त्याच्या पलीकडून दिसतो. हे टाके वाईट होते, आणि ते माझे होते, मी दहा वर्षांची असताना घातलेले. तोपर्यंत दुपार ठीक चालली होती. ठीक म्हणजे माझ्या मनासारखी, म्हणजे मी उत्तमला टोचून बोलत होते आणि त्याला ते कळत नव्हतं.

उत्तम माझा चुलतभाऊ. ठाण्यात वर्तकनगरला राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि सगळ्यांशी गोड वागतो. मला तो आवडत नाही. कारण सांगता येत नाही अशातला भाग नाही. माझा धाकटा भाऊ साईनाथ आणि हा एकाच वर्षी जन्मले, एकाच मांडवात दोघांची मुंज झाली, आणि पुढे दोन वर्षांनी साईनाथ काविळीने गेला आणि हा राहिला. एवढाच त्याचा गुन्हा. मी तो अजून माफ केलेला नाही आणि करायचा विचारही नाही. वर तो मला ताई म्हणतो. मला ताई म्हणणारे दोन होते, त्यांतला नको तो उरला. आज तो नातवाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन आमच्या डोंबिवलीच्या घरी आला होता, बरोबर सून प्रियांका. भिंतीवर साईनाथचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, आणि उत्तम नेमका त्याच्या खाली बसून बशीत चहा ओतत होता. त्याआधी आई बाहेर येऊन गेली होती. माझी आई, रमाबाई, ऐंशी पार केलेली, पण कान-डोळे शाबूत. तिने नेहमीप्रमाणे उत्तमच्या गालांवरून हात फिरवला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "साईनाथ असता तर असाच दिसला असता, नाही गं?" ती लाडू आणायला आत गेली तेव्हा मला बरं वाटलं.

फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात, त्यात नवल नाही. मी निवृत्त झाले त्या सुमाराला आमच्या ज्ञातिमंडळाने जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि घरोघरचे गठ्ठे आले, त्यांत निम्मे मुंजीचे. आमच्या लोकांनी मुलींचे फोटो काढले ते स्थळांना पाठवण्यापुरते. मुलग्यांचे मात्र मुंजीत हमखास. मागे साल कुणी लिहीत नाही. सगळ्यांना वाटतं, घरात माहीतच आहे. मग घरातले एकेक मरतात आणि उरतो एक टक्कल केलेला मुलगा, ज्याला कुणीच ओळखत नाही. त्याचं साल मी काढून देते. लंगोटी, दंड आणि झोळी यांवरून काही कळत नाही, ती पिढ्यानपिढ्या तशीच. कळतं ते संध्याकाळच्या कपड्यांवरून. विधी आटोपले की बटूला भिक्षावळीसाठी नटवतात, आणि नटवायचं म्हटलं की त्या वेळची फॅशन आलीच. आधी बंद गळ्याचा कोट नि धोतर, मग मखमल नि जर, मग टेरिलिनची अर्धी चड्डी, मग सफारी, मग भाड्याची शेरवानी. सोवळ्याला इलॅस्टिक दिसलं की नव्वदच्या अलीकडे या. लोक आपल्या आजोबांना दहा-वीस वर्षं म्हातारे करून आणतात, कारण जुनं म्हटलं की घराणं मोठं. मी त्यांना खाली आणते. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा माझा खाक्या. त्यात मला आनंद होतो हे मी कशाला लपवू. एकच गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगते, की कपडे साल सांगतात, माणूस सांगत नाहीत. डोकं भादरलेली सगळी मुलं सारखी दिसतात.

पहिला फोटो उत्तमच्या वडिलांचा होता, आमच्या भाऊकाकांचा. भाऊकाका म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. कल्याणला पारनाक्याजवळ त्यांचं घर, दारात गाडी, आणि आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत. प्रियांकाने मोबाईल सरसावला.

"आत्या, पप्पा बोलतात नाइन्टीन फॉर्टी. आम्ही ना हॉलमध्ये एलईडी स्क्रीनवर चार जनरेशन लावतोय, पणजोबा ते बटू. खाली साल टाकायचंय. चुकलं तर लोक बोलणार ना."

"त्रेचाळीसच्या आधीचा नाही हा," मी म्हटलं. "कोटाचा खिसा बघ. उजवीकडे आहे."

"फोटो उलटा प्रिंट झालाय का?"

"उपरणं डाव्या खांद्यावर आहे. फोटो सुलटाच आहे, कोट उलटा आहे. लढाईत कापडाचं रेशनिंग होतं. जुना विटलेला कोट उसवायचे आणि आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवायचे. तुझ्या आजेसासऱ्यांनी मुंजीत कुणाचा तरी जुना कोट घातलाय."

उत्तम खो खो हसला. "बाबांना कळलं असतं ना ताई, तर तुला घराबाहेर काढलं असतं त्यांनी." त्याला खरंच गंमत वाटली. वर्मी घाव घालावा आणि समोरच्याने पाठीवर थाप मारावी, असं माझं याच्याशी नेहमी होतं. मग त्याने दुसरा फोटो काढला. "आणि हा मी," तो म्हणाला. "आई गेली ना गेल्या वर्षी, तिच्या कपाटात तळाला सापडला. खणात गुंडाळून ठेवलेला. मला माहीतच नव्हतं माझा फोटो आहे म्हणून."

वांगी रंगाचा कोट होता तो. फोटोत काळा दिसतो, पण मी तो हातात घेतलेला आहे. पंचाहत्तर सालचा वैशाख, भाऊकाकांच्या घरासमोरचा मांडव. माझे वडील, गोपीनाथ त्यांचं नाव, कधी कुणाला नाही म्हणू शकले नाहीत. भाऊकाका त्यांना म्हणाले, "साईनाथलाही आठवं लागलंच आहे, माझ्या मांडवात उरकून घे." उरकून घे, हाच शब्द. त्यामुळे ती मुंज सगळ्यांच्या तोंडी उत्तमची मुंज झाली, आमच्यासुद्धा. उत्तमच्या मुंजीत साईनाथचीही झाली, असं आई आजही म्हणते. मातृभोजनाला उत्तमच्या आईला, म्हणजे काकीला, चांदीचं ताट होतं, आणि आई साईनाथला घेऊन शेजारी बसली ते पितळी ताटावर. मला आठवतं, आई त्याला घास भरवताना सारखी काकीच्या ताटाकडे बघत होती. संध्याकाळी फोटोवाला आला. कोट एकच, उत्तमच्या मापाचा, भाऊकाकांनी खास शिवून घेतलेला. आधी उत्तमचा फोटो झाला. उत्तम तेव्हा गोलमटोल होता, कोट त्याला चापूनचोपून बसला होता. मग काकी म्हणाली, त्याच्याही अंगात घाला घटकाभर, आठवण राहील. साईनाथ काडीसारखा. बाहीत त्याची बोटंसुद्धा दिसेनात. "मेघे, दुमडून दोन टाके घाल गं," काकी म्हणाली. वांगी दोरा घरात नव्हता. "पांढरा चालेल, फोटोत कुठे दिसतंय." साईनाथ दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला. सुई एकदा त्याच्या मनगटात गेली. "ताई, हळू," तो म्हणाला, एवढंच, रडला नाही. फोटो झाल्याबरोबर काकीने कोट काढायला लावला, घामाने डाग पडतील म्हणून, आणि टाके मलाच उसवायला सांगितले, कारण तोच कोट घालून उत्तमला भिक्षावळीला निघायचं होतं. घोड्यावर पुढे उत्तम बसला, कोट घालून, आणि मागे साईनाथ, सुती सदऱ्यात.

म्हणजे आता टेबलावर होता तो साईनाथ होता. मग भिंतीवर कोण होतं? हे मनात आलं आणि मी वर बघितलं नाही. मी समोरच्या फोटोतल्या मुलाकडे बघितलं. लहान तोंड, कपाळावर गंध, कॅमेऱ्याच्या लखलखाटाने बारीक केलेले डोळे, कोटाची कॉलर मानेपासून सुटलेली. आणि मला तो ओळखीचा वाटला नाही. मी माझा भाऊ ओळखला नाही, त्याच्या बाहीवरचे टाके ओळखले. जन्मभर डोळे मिटून मी साईनाथ म्हणून जो चेहरा आठवत होते तो भरल्या गालांचा होता, भिंतीवरचा होता. खाली सोफ्यावर बसलेला म्हातारा त्याच चेहऱ्याचा, लाडू खाऊन खाऊन मोठा झालेला. आई दर वेळी त्याच्या गालांवरून हात फिरवते आणि म्हणते असाच दिसला असता. दिसणारच. रोज सकाळी अंघोळ झाली की ती ज्याची काच पुसते तो हाच आहे.

चूक कुठे झाली ते मला उत्तम बोलत असतानाच कळलं. साईनाथ गेला तेव्हा आमच्याकडे त्याचा एकही मोठा फोटो नव्हता. वडील भाऊकाकांच्या दारात गेले, वहाणाही न काढता उभे राहिले आणि म्हणाले, वहिनी, मुंजीतला त्याचा एक असेल ना. काकीने रडत रडत फोटोंच्या पाकिटात हात घातला आणि हाताला लागला तो दिला. वडिलांनी तो पाहिलासुद्धा नसेल. तसेच फ्रेमवाल्याकडे गेले. उत्तम घरी नव्हता, कावीळ लागेल म्हणून त्याला आधीच ठाण्याला मामाकडे पाठवलेलं होतं. काकी तेराव्याला आमच्याकडे आली. फोटोला हार घातलेला, पुढे समई, आणि आई त्याच्यासमोर बसून हलत नव्हती. आपल्या जित्याजागत्या पोराच्या गळ्यात मेलेल्याचा हार काकीने तिथे पाहिला असणार. मला आठवतं, ती दारातच मटकन खाली बसली आणि बायका म्हणाल्या, बघा, जावेवर किती माया.

"आई तशी वेडीच होती," उत्तम लाडवाची वाट बघत सांगत होता. "फोटो कधी लावला नाही, टाकलाही नाही. आणि माझ्या वाढदिवसाला काय करायची माहितीय? दर वर्षी गुरुजींना बोलवून मृत्युंजयाचा जप. मरेपर्यंत करत होती. मला कधी साधा ताप नाही आला. मी बोलायचो, अगं आई, कशाला? तर बोलायची, तू गप्प बस."

म्हणजे तिला माहीत होतं. ती एक शब्द बोलली असती तर आम्हाला आमचा मुलगा मिळाला असता. ती बोलली नाही, कारण आईसमोरून तो फोटो उचलायचा धीर तिला झाला नाही. हे मला कळत होतं आणि कळल्यामुळे तिचा राग जास्तच आला. सत्तेचाळीस वर्षं ती आमच्यावर दया करत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही तिच्याकडून कोट घेतला, मांडव घेतला, आणि शेवटी तिचा मुलगाही भिंतीवर लावायला घेतला. आमचा साईनाथ तिने खणात गुंडाळून तळाशी ठेवला.

"ताई, साल पंच्याहत्तरच ना?" उत्तमने विचारलं.

"पंचाहत्तर. मखमल नायलॉनची आहे, खाली टेरिलिनची चड्डी. तुझ्याच मुंजीतला."

"बघ प्रियांका, ताईने शिक्का मारला." तो खुशीत होता. त्या वेळी मला बोलता आलं असतं. उत्तम, हा साईनाथ आहे, एवढंच. मला माहीत होतं काय झालं असतं. त्याचे डोळे भरून आले असते. त्याने तो फोटो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला असता, चांगली फ्रेम करून देतो म्हणाला असता, वर्तकनगरात आणि मंडळात सगळ्यांना सांगत सुटला असता, आणि आपल्या हाराबद्दल हसून म्हणाला असता, जाऊ दे गं ताई, आयुष्य वाढतं त्याने. तो दिलदार आहे, तीच तर अडचण आहे. याच्याकडून अजून एक गोष्ट हात पसरून घ्यायची, आणि तीही माझाच भाऊ? आईची पावलं वाजली. मी आमंत्रणपत्रिका उचलून फोटोवर ठेवली. आईने लाडवांची बशी त्या पत्रिकेवरच टेकवली आणि उत्तमला म्हणाली, खा रे, तुझ्या हाडाला काही मांस दिसत नाही. जाताना प्रियांकाने पत्रिकेखालून फोटो काढून पाकिटात घातला आणि म्हणाली, आत्या, स्कॅन करून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करते. मी म्हटलं, कर.

आई दुपारची आडवी झाल्यावर मी स्टुलावर चढून भिंतीवरचा हार काढला. तो हार मी कधी काढलेला नव्हता. आई वर्षातून एकदा जुना काढून नवा घालते, तेव्हाही मी तिकडे बघत नसे. आपल्या माणसाच्या फोटोचं साल काढायला कोण बसतं? हार खांद्यावरून गुडघ्यांपर्यंत येत असे, बाह्या त्याखाली झाकलेल्या. आता त्या दिसल्या. दुमड नाही, टाका नाही, मनगटावर अगदी मापात. हे कुणी माझ्याकडे प्रदर्शनाला आणलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं की कोट ज्याच्यासाठी शिवला तोच आत आहे. मी स्टुलावर उभी राहून उत्तमकडे बघत राहिले. आठ वर्षांचा, तृप्त, टोपी कपाळावर ओढलेली, आईबापांचा लाडका. याच्यासमोर मी दहावीचा निकाल ठेवला. वडील गेले तेव्हा याच्याकडे बघून मी मनात म्हटलं, आता तू त्यांना सांभाळ. लग्न मोडलं त्या रात्री याच्याशी बोलले. आणि हा त्याच वेळी ठाण्यात जेवून झोपला असेल, वर त्याच्या आईने त्याच्यासाठी जप करून घेतलेला असेल. मग मी हार परत घातला. घातला म्हणजे चुकून नाही, सवयीनेही नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये हे मला लहान पोराइतकंच ठाऊक आहे. मी तो नीट मधोमध केला, स्टुलावरून उतरले आणि मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. प्रियांकाने फोटो पाठवला होता आणि मी तो मोबाईलवर मोठा करून बघत बसे. बोटांनी ताणला की टाके दिसत, आणखी ताणला की नुसते ठिपके. मी त्या चेहऱ्याची सवय करून घ्यायचा प्रयत्न करत होते. रस्त्यात खणलेल्या गटारांमधून भाजी घेऊन येताना, बँकेच्या रांगेत, मी स्वतःला म्हणे, हा साईनाथ, हे त्याचं नाक, ही त्याची जिवणी. पण ताई म्हणणारा आवाज आठवला की त्याला तोंड उत्तमचंच येई. मला वाटायचं, मी सोडून द्यावं. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची, मी विसरले तर विसरले. पण आई? आईने त्याला नऊ महिने पोटात वाढवला, काविळीत तीन आठवडे मांडीवर घेऊन बसली. आई रोज ती काच पुसते आणि काचेखालच्या मुलाशी बोलते. आज दूध नासलं रे, आज मेघनाने पुन्हा औषधं लपवली. ती उत्तमशी बोलते आहे हे मला आता सहन होईना. तिला सांगावं तर या वयात तिच्या हातून मुलगा दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं तर ती मरेपर्यंत दुसऱ्याच्याच मुलाची काच पुसणार. मी एकदा हळूच विचारून पाहिलं, "आई, साईनाथ तसा बारीक होता ना?" ती म्हणाली, "कुठे बारीक? बघ की समोर. गाल बघ." आणि मला तिचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शेवटी मी असं ठरवलं, की मुंजीला आईला घेऊन जायचं आणि काहीही सांगायचं नाही. पडद्यावर तो येईल, मोठाच्या मोठा. कपड्यांवरून नाही, टाक्यांवरून नाही, आईला नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू दे. ती म्हणाली की हा आपला आहे, तर मी तिथल्या तिथे, तीनशे माणसांत, उत्तमकडे हात पसरायला तयार होते. फोटो मागेन, भिंतीवरचा काढेन, काय लोकांना रडायचं-हसायचं ते हसू दे. हा विचार मला चांगला वाटला, कारण त्यात सगळा भार आईवर होता. जायच्या दिवशी मी तिचा चष्मा दोनदा साबणाने धुतला.

हॉल ठाण्यात, घोडबंदर रोडला. मेट्रोच्या खांबांखालून रिक्षा इतकी रखडली की आईने दोन वेळा विचारलं, लग्न कुणाचं आहे म्हणून. आत थंडगार, कारंजं, दारात अत्तर शिंपडणाऱ्या मुली. बटूचे केस शाबूत होते, मागे पळीएवढी जागा नावापुरती भादरलेली. शेरवानी मोतिया रंगाची, भाड्याची, छातीवर मशीनची कशिदाकारी, दोन हजार पंचवीस, अलीकडचं-पलीकडचं काही नाही. मी आईला पुढच्या रांगेत, पडद्यासमोर बसवलं. उत्तम लगबगीने आला, तिच्या पाया पडला. तिने त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि वाक्य म्हटलं. मी दुसरीकडे बघितलं.

दिवे मंद झाले. आधी भाऊकाका आले, उलटवलेल्या कोटात, खाली १९४४. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडदा काळा झाला आणि साईनाथ आला. एका भिंतीएवढा. टोपीची जर, गंध, बारीक केलेले डोळे, सुटलेली कॉलर. बाहीवरचे टाके बोटाएवढे झाले होते आणि इतक्या माणसांत ते कुणालाच दिसत नव्हते. खाली अक्षरं होती, आजोबा उत्तम, १९७५. आणि एवढा मोठा झाल्यावर मला तो ओळखू आला. डावी भुवई त्याने किंचित वर धरली होती, दुखलं की तो धरायचा तशी. मनगटात सुई गेली तेव्हा धरली होती. मी आईकडे वळले. ती पुढे वाकून बघत होती, चष्मा नाकावर नीट, तोंड अर्धवट उघडं. मी तिचा हात धरला. तिची बोटं माझ्या हातात आवळली गेली आणि मला वाटलं, झालं.

"कोण आहे गं आई?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. "नीट दिसतंय ना? कोण आहे तो?"

"दिसतंय की. उत्तम," ती म्हणाली. थोडा वेळ ती तशीच बघत राहिली, मग मागे टेकली. "किती बापुडवाणा दिसतोय बघ. कोटसुद्धा धड बसत नव्हता मेल्याला. एवढं श्रीमंताघरचं पोर, पण अंगाला काही लागायचंच नाही." तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला. "आपल्या साईनाथला तोच कोट कसा शोभून दिसतो."

लोक टाळ्या वाजवत होते, उत्तम स्टेजवर हात जोडून उभा होता, आणि पडद्यावर तोवर त्याचा मुलगा आला होता, सफारीत.

"हो," मी म्हटलं.